रिळाचा गाभा

४ फेब्रुवारी १९४०, रविवार

आज सकाळी बोरीहून जिंतूरला परत आलो. काल अनंतरावांचं तेरावं झालं. अनंतराव म्हणजे आमचे वडील बंधू. तामीरात म्हणजे बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, पेन्शन घेऊन बोरीला राहिले होते. मूलबाळ नाही, म्हणून सगळं क्रियाकर्म मला करावं लागलं. गेली अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. चूक कुणाची हे या डायरीत लिहिणार नाही. त्यांची होती.

डायरी सोलापूरच्या एका औषधवाल्याची, फुकट आलेली. म्हणून तारखा इंग्रजी. कचेरीत दिवसभर निजामी फसली सनाच्या तारखा लिहितोच. रोज एक पान लिहायचं, न चुकता. कुणाला दाखवायचं नाही.

५ फेब्रुवारी

दहाव्याचं लिहून ठेवतो. पुढं कुणी वाकडंतिकडं बोललं तर पुरावा असावा.

नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बाभळीवर सात-आठ बसले होते. त्यातला एक खाली यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि मागं सरकायचा. शेजारचे दिनकरराव पुढं होऊन म्हणाले, वहिनींना काही कमी पडू देणार नाही, अनंतराव. कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, अस्थी गंगाखेडला गोदावरीतच सोडू. ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला आणि मला म्हणाले, उद्धवराव, एकदा तुमी बोलून बघा. सख्खे भाऊ तुमी.

वाळूनं पाय भाजत होते, आणि माझ्या पोटात वेगळेच कावळे कोकलत होते. मी म्हणालो, तुमच्या रिळाचा गाभा मी करून देतो, वर्षश्राद्धाच्या आत, बस्स? (सुरुवातीला एक जुना शब्द तोंडातून निघून गेला. ऊन फार होतं.)

तो कावळा माझ्या धोतराला वारा लागेल इतक्या जवळून गेला आणि पिंडाला शिवला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

शब्द गेला तो गेला. नाही पाळला तर माणूस अडकून राहतं म्हणतात. माझा विश्वास नाही. पण गाभा म्हणजे असं काय मोठं काम आहे? आठ दिवसांत करून मोकळा होतो.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी

रीळ समोर ठेवलं आहे. निघताना वहिनींनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून हातात दिलं. 

पितळी आहे, विलायती, ताटलीएवढं. पूल बांधून झाल्यावर इंजिनिअर साहेबांनी मायदेशी जाताना अनंतरावांना बक्षीस दिलेलं. मासे धरायच्या काठीला लावतात. मूठ फिरवली की दोरी गुंडाळली जाते. आमच्या घराण्यात स्वयंपाकघरात मासा हा शब्दही काढत नाहीत, आणि हे पेन्शनर गृहस्थ सोवळं सोडून नदीवर! म्हणे धरतो आणि परत सोडतो. मग धरायचा कशाला?

दोष एकच. रीळ मोठं, आणि साहेबांची रेशमी दोरी तोकडी. रीळ भरत नाही, दोरी आत सैल पडते, गुंता होतो. म्हणून मधल्या नळीवर लाकडाची जाड कडी चढवायची, म्हणजे पोट भरतं आणि थोडी दोरीही पुरते. हाच तो गाभा. अनंतरावांनी एक करवून घेतला होता. तो हरवला. आणि १९२८च्या दिवाळीत मी बोरीला जाऊन आल्यावर त्यांनी मला कार्ड लिहिलं: 'रिळाचा गाभा चुकून तुझ्याबरोबर आला असावा.'

पहिलीच ओळ! मी पुढचं वाचलं नाही. चुकून म्हणजे काय? मी तहसील कचेरीचा अहलकार, जबाबदार कारकून. माझ्या हाताखालून कागदांच्या शेकडो मिसली गेल्या, एक कागद इकडचा तिकडं झाला नाही. आणि सख्खा भाऊ मला चोर म्हणतो! कार्ड फाडलं नाही. पुरावा म्हणून मिसल करून ठेवलं आहे, वर लाल फीत. त्यानंतर बोरीची वाट सोडली.

आता मीच त्यांना नवा गाभा करून देणार. याला म्हणतात मनाचा मोठेपणा.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. कचेरीला सुट्टी

प्लॅन तयार. लाकूड पांगाऱ्याचं. हलकं, कोरायला मऊ. सुतार लागणार नाही, माझा हात चांगला आहे.

लिहिण्याची बैठकही खिडकीशी नीट लावली. माझी दौत अशी आहे की कितीही घाईत टाक बुडवा, हलत नाही. काळ्या लाकडाच्या गोल बैठकीत बसवली आहे. मधे भोक, त्यात दौतीचं बूड अगदी नेमकं बसतं. बैठकीच्या खाली एक छोटी चांदणी कोरलेली आहे, विलायती कंपनीचा मार्का असणार. साहेबांच्या टेबलावरही अशी चीज नाही. कुठून आणली आठवत नाही. बरीच वर्षं झाली. नजर मात्र माझीच.

१० फेब्रुवारी

अंगठा कापला. आजचं पान एवढंच.

१ मार्च, शुक्रवार

पांगाऱ्याचा गाभा पूर्ण. थोडा लांबट झाला आहे, आंब्यासारखा. ही म्हणाली, गोल करायचा होता ना? बायकांना आकाराचं फार.

पुन्हा करतो. उद्यापासून पहाटे उठणं, एक तास कोरण्याचं काम, मग संध्या.

२ मार्च

पहाटे उठणं झालं नाही.

दुपारी जेवायला बसलो तर खिडकीत कावळा. मान वाकडी. हिनं घास टाकला, त्यानं बघितलंही नाही. आत उडी मारून माझ्या बैठकीवर आला आणि दौतीला चोच मारली. टक, टक, टक. हाकलला. कावळ्यांना चकचकीत वस्तूंचं आकर्षण असतं. दौत चकचकीत नाही, पण त्याला काय कळतंय.

१४ एप्रिल

नवीन विचार. लाकूड कोरायचंच कशाला? मोहरेला लावतात ती लाख वितळवून नळीभोवती ओतायची. गार झाली की गाभा तयार. गोल. सफाईदार. हे अनंतरावांच्या डोक्यात कधी आलं नसतं. कचेरीतून थोडी लाख ट्रायलसाठी आणली आहे.

१५ एप्रिल

सक्सेस! लाल, तुकतुकीत. हिला दाखवला. ही म्हणाली, छान झालाय, पण भाऊजींना ऊन लय आवडायचं, नदीवर उन्हातच बसायचे. मला त्याचा इथं काय संबंध ते कळलं नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

संबंध कळला. रीळ दुपारी ओसरीवर ठेवलं होतं. तासाभरानं लाख वितळून पितळी मुठीत, खाचेत, फरशीवर, माझ्या धोतरावर. लाल ओघळ बघून मोलकरीण कडूबाई किंचाळली, आई गं, मालक, कुनाला काय झालं! सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

खरवडताना एक गोष्ट झाली. लिहू की नको? लिहितो. तपकिरीचा वास आला. अनंतराव तपकीर ओढायचे, लवंग घातलेली. मी ओढत नाही. घरात कुणी ओढत नाही. मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

लाख तापली की तसा वास येत असेल.

३ मे, शुक्रवार

दुसरा पांगारा-गाभा बरा गोल झाला. नळीवर थोडा ढिला बसतो. म्हणून ही काय म्हणाली, बैलगाडीचा आरा ढिला झाला की चाक पाण्यात घालून ठेवतात, लाकूड फुगून बसतं. मला हे माहीतच होतं. रात्रभर रीळ हौदात सोडतो.

४ मे

लाकूड फुगलं. फार फुगलं. रीळ आता फिरत नाही, मूठ हलत नाही, गाभाही निघत नाही. पण बसला आहे पक्का. निम्मं काम झालं असं समजायला हरकत नाही.

६ मे, दुपारी ३

आज घरी एकटाच होतो. ही देवळात. रीळ फळीवर. मी मिसल लिहीत होतो. एकदम किर्र, किर्र, किर्र. तीनदा. थांबून थांबून. दोरी ओढली की रिळाच्या आतला दाता वाजतो तोच आवाज.

उंदीर असावा.

आमच्या घरात उंदीर नाहीत, मांजर आहे.

आणि रीळ तर फिरतच नाही! मी स्वतः दोन्ही हातांनी मूठ पिळून बघितली. मग वाजलं काय?

अनंतराव दारात आले की असेच तीनदा खाकरायचे. मी लहान असताना झाडावर चढून बसलो की खाली उभे राहून तीनदा खाकरायचे, म्हणजे वडील यायलेत, उतर. त्यांनी मला कधी पकडून दिलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण तो मुद्दा वेगळा.

२१ जून

गाभा करवतीनं कापून काढला. पितळाला चरा पडला. संकल्प: यापुढं पाण्याशी संबंध नको. मासे धरायच्या वस्तूच्या बाबतीत हे कठीण आहे, पण बघू.

१८ जुलै

दवाखान्यातून बाटल्यांची बुचं आणली. बूच हलकं, फुगत नाही, वितळत नाही. सतरा बुचं डिंकानं जोडून कडी केली. सुंदर! बसली! मूठ फिरली! ही बघतच राहिली. म्हणाली, भावाशी बोलायला अकरा वर्षं जमलं न्हाई, आता त्याच्या रिळाशी दिवसभर बोलायलात.

मी बोलत नाही. मोजमाप तोंडानं म्हणतो.

२६ जुलै, शुक्रवार

दौऱ्यावर येलदरीला गेलो होतो. रीळ बरोबर नेलं. शब्द गाभ्यापुरताच दिला होता, पण ट्रायल पाहिजे. पूर्णेच्या काठी, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, दोरी गुंडाळली आणि एकदा पाण्यात सोडली. डिंक पाण्यात विरघळतो हे लक्षात आलं नव्हतं. सतरा बुचं एकामागं एक निघाली आणि ओळीनं धारेला लागली.

मुंजाजी भोई पलीकडच्या काठाला जाळं झटकत होता. तिथून ओरडला, अवो मालक, बोरं सोडायलाव का काय नदीत? मासे बोरं न्हाई खात!

मी सरकारी कामावर आहे असं त्याला ओरडून सांगितलं. मग तो होडीनं अलीकडं आला आणि रीळ निरखून बघितलं. म्हणाला, हे तर बोरीच्या ओव्हरसिअर मालकांचं हाय. कशावरून म्हटलं तर म्हणाला, वळखतो की. दोन-चार साल बोरीच्या डोहावर आमी संगंच बसायचो. ते नुसतंच बसायचे, दोरी न सोडता. मी म्हनायचो, मालक, गळ तरी टाका. तर म्हनायचे, गाभा न्हाई रे मुंजा, यायचा हाय.

गाभा काय चालत येणार होता? म्हातारपणी डोक्यावर परिणाम होतो.

परत येताना गाडीत बैलांच्या घुंगरांत मला किर्र ऐकू येत होतं. गाडीवानाला विचारलं. त्याला नव्हतं.

९ ऑगस्ट

गर्व सोडला. सुताराकडं देतो. बोरीचा सटवाजी सुतार बाजाराला जिंतूरला येतो, तो नामांकित. पण रीळ त्याच्या हवाली करणार नाही, हरवलं तर? एकदा या घराण्यात वस्तू हरवली की काय होतं ते मी भोगलं आहे. माप लिहून दिलं: बाहेरून पाच बोटं, भोक दोन बोटं, जाडी दीड बोट.

३० ऑगस्ट, शुक्रवार

गाभा आला. खरादीवर फिरवून काढलेला, गुळगुळीत, अस्सल काम. फक्त रिळाच्या दीडपट. मी संतापलो. सटवाजीनं शांतपणे स्वतःचा पंजा माझ्या पंज्याशेजारी ठेवला. त्याचं एक बोट म्हणजे माझं दीड. म्हणाला, मालक, कुनाची बोटं ते लिवलं न्हवतं. मला वाटलं सुताराला माप म्हनल्यावर सुताराचीच.

कचेरीत असं चालत नाही. पण मुद्द्यात तो बरोबर होता.

मग म्हणाला, ह्याच्यापेक्षा जुना गाभाच हुडका की. तो मीच केलता, मोठ्या मालकांना. शिसवीचा. कसा बसायचा म्हनता! आन् माझी खूण हाय बुडाला. माझ्या हातच्या समद्या नगांना आसती. बारकी चांदनी.

मी म्हटलं, तो हरवला. अकरा वर्षं झाली.

तो म्हणाला, शिसव हाय मालक. कुठं जात न्हाई. आसंल कुठंतरी कुनाच्या घरात.

असेल. मला काय त्याचं.

३१ ऑगस्ट

दौत आज उचलून पुसणार होतो. राहून गेलं.

७ सप्टेंबर

कचेरीत काम वाढलं आहे. विलायतेत लढाई, इथं कागद वाढतात. दौत पुसायला वेळ नाही. शिवाय काळं लाकूड म्हणजे सगळं शिसवीच असतं असं नाही. अबनूस असतं. विलायतेत काय काय असतं. आणि चांदणी हा मार्का कुठलीही कंपनी ठेवू शकते.

हे मी कशासाठी लिहितो आहे? विषय नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कावळा आता रोज येतो. घास खात नाही. दौतीकडं बघतो, मग माझ्याकडं, मग दौतीकडं. साक्षीदाराला उलटतपासणीत बघतात तसं. आज लिहिण्याची बैठक खिडकीपासून हलवून कोनाड्याशी नेली. तर तो दारातून आला.

हिला म्हटलं, याला हाकल. ही म्हणाली, मी न्हाई हाकलनार, कोन हाय कुनास ठाऊक.

११ ऑक्टोबर, दसरा

हिनं आज तीन पानं मांडली. घरात आम्ही दोघं. विचारलं तर म्हणाली, मोजण्यात चूक झाली.

दोन मोजण्यात चूक?

तिसरं पान तसंच राहिलं. मीही उचल म्हणालो नाही. समोरच्या पाटावर कुणीतरी बसून जेवण थांबवून आपल्याकडं बघतंय असं सारखं वाटत होतं. मी मान वर केली नाही. पुरणपोळी दोनच खाल्ल्या.

सोनं द्यायला सगळे आले. बोरीहून वहिनींनी कुणाच्या तरी हाती आपट्याची पानं पाठवली. दर वर्षी येतात. अकरा वर्षं येताहेत, अनंतराव असतानाही यायची. मी कधी परत पाठवली नाहीत. म्हणजे उलट सोनं पाठवलं नाही, असं म्हणायचं आहे.

३१ ऑक्टोबर, दिवाळी

आजपासून पेन्सिलनं लिहितो. शाईनं डोळ्यांना त्रास होतो.

दौतीवर पंचा टाकून ठेवला आहे. धूळ बसू नये म्हणून.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगावर बारीक ताप. पडून होतो. डोळा लागला तर बोरीचं घर दिसलं, दिवाळीतलं. अनंतराव नदीवरून आलेले, ओल्या धोतरानं. मी त्यांच्या मेजावर पत्र लिहायला बसलेलो, दौत सारखी डुगडुगतेय. मी इकडंतिकडं बघून काहीतरी काळं गोल उचललं आणि दौत त्यात ठेवली. अनंतराव बघत होते. हसत होते.

तापात काहीही दिसतं. वैद्यांनी काढा दिला आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले. गाभा तयार नाही. हिशेब मांडतो: पांगारा दोनदा, लाख एकदा, बूच एकदा, सुतार एकदा. माझ्याकडून प्रयत्नांत कसूर नाही. शब्द पाळायचा म्हणजे वस्तू झालीच पाहिजे असं कुठल्या शास्त्रात आहे? हेतू शुद्ध असला म्हणजे झालं. कावळ्याला हे समजावून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

खरं सांगायचं तर भीती वाटते. माणूस अडकलं असेल तर? माझ्या शब्दावर भरवसा ठेवून त्यानं घास घेतला, आणि मी लाख वितळवत बसलो. आयुष्यात एकदा माझ्यावर भरवसा ठेवला होता. नाही, एकदा नाही. तेच तर. झाडाखाली खाकरणारा माणूस तो.

रीळ आज वाजलं नाही. दिवसभर कान देऊन बसलो होतो. न वाजणं जास्त वाईट.

१० जानेवारी १९४१, शुक्रवार

जुनीच डायरी, मागची कोरी पानं. रोज लिहायचा संकल्प थोडा ढिला पडला होता, त्याचा फायदा झाला.

वहिनी आल्या, बोरीहून, बैलगाडीनं. वर्षभरात किती वाळल्या. पायांना हात लावला. गाभा झाला का, असं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणालो, शेवटचा हात फिरवायचा राहिलाय.

खोटं बोललो. उद्या श्राद्ध आहे आणि आज खोटं बोललो.

११ जानेवारी, पौष शुद्ध त्रयोदशी. दुपार

झालं.

ब्राह्मण यायच्या आधी वहिनी माझ्या खोलीत केर काढायला आल्या. नको म्हटलं, ऐकलं नाही. कोनाड्याशी पंचा दिसला, धुवायला म्हणून उचलला. खाली दौत. मी दारात उभा. 

त्यांनी दौत उचलून बाजूला ठेवली. तिच्याखालची लाकडी बैठक हातात घेतली. उलटी केली. चांदणीवरून अंगठा फिरवला. मग फळीवरचं रीळ काढलं, मांडीवर घेतलं, बाजूचा स्क्रू नखानं सोडवला. त्यांना सगळं येत होतं! कडी नळीवर सरकवली. जागेवर बसली, आवाजसुद्धा केला नाही. मूठ फिरवली. किर्र, किर्र, किर्र.

मी म्हणालो, वहिनी, मला माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, त्यांना माहीत होतं की. तुमी दौतीखाली ठिवून लिवलात, दुसऱ्या दिवशी सामानात घातलात, ते बगत होते. मी म्हनलं, अवो मागून घ्या. तर म्हनाले, राहू दे, त्याचं अक्षर चांगलं यायलंय.

मी खाली बसलो. त्या केर काढत बोलत राहिल्या, जणू धान्याचं काही सांगताहेत. सटवाजीनं दुसरा करून देतो म्हनलं होतं. दोनदा. एकदा तर करूनच घेऊन आला. ह्यांनी परत पाठवला. म्हनाले, दुसरा बसवला तर उद्धव कशाला यील? रिकामंच ठिवलं ते. नदीवर न्यायचे आन् घेऊन यायचे.

मी विचारलं, मग त्या दिवशी कावळा गाभ्यासाठीच...

त्या म्हणाल्या, गाभ्याचं काय घिऊन बसलात भाऊजी. मी न्हवते नदीवर, पन दिनकररावांनी येऊन सांगितलं. तुमी दादा म्हनलात.

नंतर श्राद्ध झालं. अंगणात पान ठेवलं. तो आला, मान वाकडी न करता. मी काही कबूल केलं नाही, काही वचन दिलं नाही. नुसतं दादा म्हणालो. पान पुसून खाल्लं त्यानं.

१२ जानेवारी, रविवार

वहिनी सकाळी गेल्या. रीळ त्यांच्याबरोबर दिलं, गाभ्यासकट. दसऱ्याला येतो म्हणालो. म्हणाल्या, या.

मिसल काढली. लाल फीत सोडली. दादाचं कार्ड, १९२८चं. पहिली ओळ पाठ आहे. दुसरी आज वाचली. एवढीच होती:

'असू दे. दसऱ्याला येशील तेव्हा घेऊन ये. तोवर मी मासे धरत नाही.'

खाली तारीख. पुढं काही नाही.

आज पुन्हा शाईनं लिहितो आहे. बैठक नसल्यामुळं दौत डुगडुगते. अक्षर हललं आहे ते त्यामुळं. आणि हे पान भिजलं आहे, तेही दौत लवंडल्यामुळंच.